डाव्या मांडीतला झुलाल

पितांबरने डाव्या मांडीला पट्टी गुंडाळायचं ठरवलं तेव्हा त्याच्या मनात भुताखेताचं काही एक नव्हतं. मनात होता फक्त एक गोल. दीपनगर कॉलनीच्या फुटबॉल संघात तो इतकी वर्षं डावीकडून धावत होता की पोरं त्याला आता नाना म्हणायला लागली होती. पण गोल? नावालासुद्धा नाही. चेंडू गोलासमोर आला रे आला की नेमकी डावी मांडी धरायची आणि गडी तिथंच बसकण मारायचा. शेवटी संघ बघणाऱ्या नव्या साहेबांनी सांगून टाकलं, "पाचोऱ्याशी मॅच आहे. एक तरी गोल कर, नाहीतर पुढच्या वर्षी झेंडा घेऊन रेषेवर उभा राहा." पितांबरला हे फार लागलं. दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना.

म्हणून तो भुसावळला मांगीलालच्या मेडिकलात गेला. मांगीलालने आतल्या फळीवरून एक डबी काढली. डबीत तपकिरी चिकटपट्टीचं रीळ होतं, ओढलं की रबरासारखं ताणायचं.

"मुंबईचा माल आहे भाऊ. स्नायूला धरून ठेवतो, पळताना वरून ओढ देतो," मांगीलाल म्हणाला. मग त्याने आवाज उतरवला. "झुलालने मागवला होता. माल आला, पण घ्यायला तो राहिला नाही."

झुलाल म्हणजे संघाचा हुकमी एक्का. कावीळ झाली आणि हां हां म्हणता गेला. त्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बायकोला अंतर देणार नाही म्हणून झालं, म्हातारीला सांभाळू म्हणून झालं, कावळा आपला झाडावर ढिम्म. अखेर कप्तान तोतारामने हात जोडले आणि म्हटलं, "पाचोऱ्याला हरवू, बाबा." तसा कावळा भुर्रकन खाली आला. आता वचन दिलं खरं, पण त्यानंतर दीपनगर पाचोऱ्याकडून दर खेपेला मारच खात आलं होतं.

पितांबरने घरी येऊन डबीची गोष्ट बायकोला, कुंदाबाईला सांगितली. इथंच सगळं चुकलं. कुंदाबाईने ती नळावर सांगितली, आणि नळावरचं पाणी जाईपर्यंत कॉलनीभर झालं की झुलाल पाचोऱ्याशी खेळायला परत येतोय, पितांबरच्या डाव्या मांडीतून.

दुसऱ्या दिवशी सरावाला तोताराम आला तो पितांबरकडे न बघता खाली वाकला आणि पट्टीशीच बोलू लागला, "झुलालभाऊ, त्यांचा उजवीकडचा गडी कच्चा आहे. तिकडूनच घुसा."

"अरे, मी इथं वर आहे," पितांबर म्हणाला.

"तुम्ही फक्त पळा नाना. बाकी ते बघतील."

पितांबरला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन होतं आणि पट्टीखालची मांडी गार पडली होती. हात लावला तर आतलं मांस फडफडत होतं, थांबत होतं, पुन्हा फडफडत होतं. त्याने चालायला उजवा पाय उचलला तर डावा आधी पुढे गेला. नवी पट्टी आहे, ताण बसला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पटलं मात्र नाही.

मॅचच्या दिवशी मैदानाला जत्रेसारखी गर्दी. पण जत्रेचा गलका नाही. माणसं दबक्या आवाजात बोलत होती. वीजकेंद्राच्या धुराच्या चिमणीची लांबलचक सावली मैदानभर पडली होती, वरून बारीक राख उतरत होती आणि वारा अजिबात नव्हता. मांगीलालसुद्धा दुकान बंद करून आला होता. एवढ्यात धुळ्याकडच्या गावाहून झुलालची आई धुरपदाबाई आली. गर्दीने आपोआप वाट दिली. म्हातारी पितांबरसमोर बसली आणि पट्टीवरून हात फिरवू लागली.

"कसा शेस रे पोऱ्या? वाळी गया ना."

"मावशी, मी पितांबर."

"तुले कोन इचारी राह्यनं? उगा ऱ्हाय," म्हातारी म्हणाली आणि मांडीला कुंकू लावून उठली.

पाचोऱ्याचा गोलकीपर वना लांबून हे बघत होता. झुलालच्या शेवटच्या मॅचला त्याने झुलालला दम दिला होता, पुन्हा समोर आलास तर बघ म्हणून. आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

खेळ संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता. तेवढ्यात चेंडू डावीकडे आला. पितांबर जिवाच्या आकांताने धावला. समोर गोल, मध्ये एकटा वना, आणि नेमकी त्याच घटकेला मांडीने कळ दिली. झालं, गेलं, असं मनात म्हणत तो खाली बसायला लागला. पण पाय बसला नाही. पट्टीने वर खेचल्यागत तो ताडकन सुटला आणि चेंडूला लागला. फटका कसला, नुसता धक्का होता. चेंडू रमतगमत निघाला. वना अडवायचं सोडून बाजूला झाला आणि दोन्ही हात जोडून उभा राहिला. चेंडू आत गेला.

"गोल," कर्ण्यावरून मॅचचं वर्णन करणाऱ्या अभिमनचा कापरा आवाज आला, "गोल केला आहे, कैलासवासी झुलाल यांनी."

मैदानावर कुणी उड्या मारल्या नाहीत. माणसांनी चपला काढल्या.

जमिनीवर पडलेल्या पितांबरच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात एक गोल झाला आणि तोही मेलेल्याच्या खात्यात. साहेब जवळ आले, घाम पुसत म्हणाले, "त्यांनी केला ते ठीक. पण तुझा काही झाला नाही ना."

तेवढ्यात मांगीलाल गर्दीतून वाकून त्याच्या कानाशी लागला. "भाऊ, एक सांगतो. झुलालचा माल उन्हाने विरघळला होता, मी केव्हाच फेकला. डबी त्याची होती, पट्टी नवी. गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून बोललो. गोल तुमचाच आहे."

पितांबर ताडकन उठून बसला. आता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, साहेबांना, तोतारामला, कर्ण्यावरसुद्धा. त्याने दम घेतला. समोर धुरपदाबाई येऊन बसली होती. तिने त्याची मांडी आपल्या मांडीवर घेतली होती आणि थापटत होती.

"मन भरनं ना रे? आते सुखमा जाशी ना?"

गोल मना शे, माझा आहे, एवढेच शब्द पितांबरच्या जिभेवर होते. त्याने तोंड उघडलं.

"जास वं माय," आवाज आला.

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. पितांबरने घाबरून स्वतःचा गळा चाचपला. हा आवाज त्याचा नव्हता. त्याने मांगीलालकडे पाहिलं, निदान हा तरी काही बोलेल म्हणून.

मांगीलालनेही आता चपला काढल्या होत्या.