मंजूताई कॉलेजात जातात

मंजूताईंना जेवायला बोलावलं, की पानं वाढेपर्यंत त्या टेबल वाजवतात. दहाही बोटांनी, डोळे मिटून. मधेच "छे, डावा हात चुकला!" म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यांचे यजमान निमूटपणे आमटीची वाटी उचलून लांब ठेवतात.

इथे जपानात, ओजिमाच्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहतात. यजमानांच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आल्या आणि त्रेचाळिसाव्या वर्षी इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं. ती पदवी मिळाली, की बालवाडीत शिकवता येतं.

"एवढ्या लहान मुलींबरोबर बसणार तुम्ही?" मी विचारलं.

"बसणार की! बाक काय वय विचारतो?"

कॉलेजात पियानो सक्तीचा. बाईंनी जन्मात पेटीलाही हात लावलेला नव्हता. परीक्षेत दोनदा नापास झाल्या आणि दोन्ही वेळा आमच्याकडे शिरा घेऊन आल्या. "नापासच झाले, पण या खेपेला शेवटपर्यंत वाजवलं!" तिसऱ्यांदा पास झाल्या तेव्हा मात्र शिरा नाही. जिन्यात बसून रडत होत्या.

पदवीदानाला नऊवारी नेसून गेल्या. किमोनोतल्या वीस पोरी आणि मधोमध नथ घातलेल्या मंजूताई. तो फोटो मी अख्ख्या ऑफिसला दाखवला, जणू माझीच सख्खी बहीण.

एप्रिलपासून त्या कोपऱ्यावरच्या बालवाडीत लागल्या. माझी ओवीही तिथेच जाते. पहिल्या दिवशी तिला सोडायला गेलो, तर नागपूरहून नुकतीच आलेली एक चिमुरडी दारातच रडत होती. दोन जपानी शिक्षिका प्रेमाने थोपटत होत्या, पण रडं थांबेना. मंजूताई धावत आल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"शू लागली का गं बाळा?"

रडं थांबलं. मान हलली. मंजूताईंनी तिला उचलून आत नेलं.

त्या परत आल्यावर मी म्हटलं, "कमाल केलीत, ताई!"

"कमाल कसली हो." त्या एप्रनला हात पुसत राहिल्या. "आमची ईशा चार वर्षांची होती. इथल्याच एका शाळेत दिवसभर 'पाणी, पाणी' म्हणत होती. कुणाला कळलंच नाही. न्यायला गेले, तर ओठ सुकलेले. आता माझ्याशीसुद्धा जपानीतच बोलते."

तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, "मंजू-सेन्सेई!" सेन्सेई म्हणजे बाई. त्यांना कुणी असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आले, आले!" त्या चक्क मराठीतच ओरडल्या आणि पदर नसतानाही पदर खोचल्यासारखं करून आत पळाल्या.