सगळ्यांची दुसरी पसंती

एका जंगलात नगरपालिका होती.

हसू नका, मुलांनो. जंगलात नगरपालिका असू शकते. नगरपालिकेत जंगल असतं, ते चालतं ना तुम्हाला?

हे जंगल आपल्याकडचं नव्हे. पार उत्तरेला, स्कॉटलंड नावाच्या थंडगार मुलखातलं. नाव इन्व्हरडूल. तिथे पाऊस वर्षातून एकदाच पडतो. जानेवारीत सुरू होतो आणि डिसेंबरात थांबतो. त्या मुलखाचा राजा सिंह. तो राहायचा लांब दक्षिणेला. एकदा तो कशानेतरी खूश झाला आणि त्याने हुकूम काढला, ‘आजपासून इन्व्हरडूल हे जंगल नसून शहर आहे.’ झालं. त्या दिवसापासून तिथले प्राणी एकमेकांना ‘नागरिक’ म्हणू लागले आणि आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकू लागले.

त्या शहरात मोराग नावाची बिज्जूबाई राहायची. बिज्जू तुम्ही पाहिला नसेल. बुटका, जाडजूड, तोंडावर काळेपांढरे पट्टे, आणि जमिनीखाली लांबलचक बीळ करून राहणारा प्राणी. तिला सगळे मोरागकाकू म्हणत. नवरा डुगल, चार पिलं, आणि नाल्याकाठी बीळ, असा तिचा संसार.

नाला तुंबला होता. सांबरांनी गाळून टाकलेली जुनी शिंगं, त्यात अडकलेली मेंढ्यांची लोकर, वरून हंसांची पिसं. सांबर म्हणत, लोकरीमुळे तुंबलाय. मेंढ्या म्हणत, शिंगांमुळे. हंस म्हणत, पिसं हलकी असतात, पिसांनी कधी काही होत नाही. नाला पालिकेचा, त्यामुळे पालिकेच्या हुकमाशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. एरवी नियम मोडायला सगळ्यांना जमायचं. पण साफसफाई करून नियम मोडला, तर लगेच बोभाटा व्हायचा.

मागच्या थंडीत पाणी काकूंच्या दारापर्यंत आलं. यंदा ते आत शिरणार, हे कुणीही सांगितलं असतं. पिलं सगळ्यात खालच्या खोलीत झोपायची. काकूंना रात्र रात्र डोळा लागेना.

तेवढ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली. काकू म्हणाल्या, “मीच उभी राहते.”

जागा तीन. उमेदवार चार. म्हणजे एकालाच पडायचं होतं. मुलांनो, इतकी सोपी निवडणूक हरायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

पहिला उमेदवार हॅमिशराव सांबर. शिंगं एवढी मोठी की दारातून आत यायला त्यांना मान वाकडी करावी लागे. त्यांचं म्हणणं, “सिंहाचं राज्य नको! आपलं जंगल आपण चालवू!” दुसरा आर्चीशेठ मेंढा. त्याचं म्हणणं, “सिंहावाचून आपलं कसं होणार? उपाशी मराल!” दोघांच्या सभांना तुडुंब गर्दी. सिंहाला ठेवायचा की घालवायचा, यातलं काडीचंही इन्व्हरडूलच्या पालिकेच्या हातात नव्हतं. तिच्या हातात फक्त नाला होता. म्हणून नाल्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

तिसरी अ‍ॅबीताई हंसीण. तिचं काहीच म्हणणं नव्हतं. पण तिचं नाव वर्णमालेत पहिलं येई, त्यामुळे मतपत्रिकेत सगळ्यात वर तीच. खाली वाचायचा कंटाळा असणारे नागरिक पुष्कळ असतात, हे तिला ठाऊक होतं. तिने प्रचाराऐवजी झोप काढली.

आता तिथली मतदानाची पद्धत ऐका. भारी शहाणी पद्धत. एकाच नावावर शिक्का मारायचा नाही. नावांपुढे आकडे घालायचे. सगळ्यात आवडता तो एक, त्याच्याखालोखाल आवडता तो दोन. पहिली पसंती, दुसरी पसंती. ज्याला पहिली पसंती सगळ्यात कमी, तो आधी बाद. अशाने म्हणे कुणाचंच मन दुखावत नाही.

काकू दारोदार फिरल्या.

“अगदी बरोबर बोलताय हो काकू,” एक म्हातारी मेंढी म्हणाली. “नाला साफ झालाच पाहिजे. माझ्याही गोठ्यात ओल येते.”

“मग मत देणार ना?”

“म्हणजे काय! दुसरं तुम्हालाच. पहिलं आर्चीला द्यावं लागतं. तो सांबर आला, तर सिंह जाईल ना.”

पुढच्या दारी सांबरीण भेटली. तिनेही काकूंना बसवून घेतलं, पाणी दिलं. “तुमच्याइतकं पोटतिडकीने कुणी बोलत नाही. दुसरी पसंती तुमची, शब्द देते. पहिली हॅमिशरावांना. नाहीतर तो मेंढा बोकांडी बसेल.”

काकूंनी सबंध शहर पालथं घातलं. एकही दार तोंडावर बंद झालं नाही. एकानेही वाकडा शब्द काढला नाही. शेवटच्या सभेत तर हॅमिशरावांनी आर्चीशेठला गद्दार म्हटलं, आर्चीशेठने हॅमिशरावांना वेडपट म्हटलं, आणि मग दोघांनीही जाहीर केलं, “माझी दुसरी पसंती मोरागकाकू!” टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काकू, तुम्ही तर आल्यातच जमा,” सगळे म्हणाले.

मतदान झालं. मोजणीला डोमकावळा बसला. तो निवडणूक अधिकारी. काळा कोट त्याला शिवावा लागला नव्हता. त्याने मतं मोजली, चोच साफ केली आणि ओरडला, “मोरागबाई. पहिली पसंती, शून्य.”



“शून्य कसं?” काकूंनी विचारलं. “आणि दुसरी?”

“दुसरी पसंती, सगळ्यांची. ज्यांनी खाली वाचलं, त्या झाडून सगळ्यांची. इन्व्हरडूलच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. अभिनंदन.”

“मग मी आले ना निवडून?”

“नाही. बाद झालात. पहिली सगळ्यात कमी असली, की बाद. बाद झालेल्याची मतं पुढे वाटायची असतात, पण तुमची वाटायलाच काही नाही. आमचं काम सोपं केलंत. आभारी आहे.”

हॅमिशराव, आर्चीशेठ आणि अ‍ॅबीताई निवडून आले. अ‍ॅबीताईंना उठवून सांगावं लागलं.

काकू घरी आल्या. डुगल चुलीपाशी बसला होता. तो वर बघेना.

“शून्य म्हणजे,” काकू म्हणाल्या, “तुम्हीपण नाही दिलंत.”

डुगलने चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाला, “सगळे म्हणत होते तू येणारच. मग म्हटलं, आपलं एक मत फुकट कशाला घालवायचं? तो सांबर पडावा म्हणून मेंढ्याला दिलं. सिंह गेला तर आपलं कसं व्हायचं, असं वाटतं मला. तुला कधी बोललो नाही. घरात वाद नको.”

काकू भडकायला हव्या होत्या. त्या भडकल्या नाहीत. त्या हळूच डुगलशेजारी बसल्या.

“शून्य म्हणजे,” डुगल म्हणाला, “तूसुद्धा नाही दिलंस?”

“मला सिंह नकोच आहे,” काकू म्हणाल्या. “लहानपणापासून. म्हटलं, मी तर येतेच आहे. मेंढा तेवढा पडू दे. म्हणून हॅमिशरावांना दिलं.”

दोघांनी खालच्या खोलीकडे पाहिलं. पिलं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. मुलांनो, इथे मला काही गंमत सुचत नाही. त्या दोघांनाही सुचली नाही.

नव्या पालिकेची पहिली बैठक भरली. तीन सभासद, त्यात सोन्याची साखळी गळ्यात घालून नगराध्यक्ष कोण होणार? हॅमिशराव आणि आर्चीशेठ यांनी एकमेकांचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली होती. म्हणून त्या दोघांनी युती केली. अ‍ॅबीताई आपोआप विरोधी पक्षनेत्या झाल्या. साखळी मात्र एकच, माना दोन. शेवटी पत्ते पिसले. त्या मुलखात बरोबरी झाली की असंच करतात. हॅमिशरावांना राणी आली, आर्चीशेठला सत्ती. साखळी सांबराच्या गळ्यात पडली आणि शिंगात अडकली.

मग सिंहाला पत्र लिहायचं ठरलं. ‘चालते व्हा’ लिहायचं की ‘कृपा असावी’, यावर आठवडेच्या आठवडे गेले. मधल्या एका बैठकीत नाल्याचा विषय निघाला.

“यावर कुणाचा विरोध?” नगराध्यक्षांनी विचारलं.

कुणाचाच नव्हता.

“मग चर्चा नको. एकमताने मंजूर.”

आणि मंजूर झालेला विषय तिथेच राहिला. कारण हॅमिशरावांनी नाला साफ केला असता, तर सांबर म्हणाले असते, यात मेंढ्यांची जिरली कुठे? आर्चीशेठने केला असता, तर मेंढ्यांनी तेच विचारलं असतं. ज्या कामाला विरोधक नाही, ते करून कुणाच्या नाकावर टिच्चून दाखवणार?

थंडी आली. एका पहाटे पाणी बिळात शिरलं. डुगलने दोन पिलं पाठीवर घेतली, काकूंनी एक तोंडात धरलं, आणि चौथ्याची शेपटी पंजात धरून त्याला ओढत बाहेर काढलं. सगळे वाचले. बीळ गेलं. आजीच्या आजीने खणलेलं, सात खोल्यांचं, उबदार बीळ चिखलाने भरून गेलं. बिज्जूंचं कुटुंब टेकडी चढून पलीकडे निघून गेलं. जाताना काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

बातमी कळताच शहर हळहळलं. मेंढ्या रडल्या. सांबर रडले. पालिकेची तातडीची बैठक बोलावली गेली. सिंहाचं पत्र बाजूला ठेवून तिघांनी एकत्र हात वर केले, आणि ठराव झाला, की या नाल्याला ‘मोराग नाला’ असं नाव द्यावं.

ओक झाडाच्या जाड फळीवर सुरेख अक्षरांत नाव कोरलं. फळी उभी करायला घट्ट जागा हवी. नाल्याच्या तोंडाशी शिंगं इतकी घट्ट रुतली होती की त्याहून घट्ट जागा अख्ख्या शहरात नव्हती. फळी तिथेच आडवी ठोकली. हॅमिशराव बोलले, आर्चीशेठ बोलले, अ‍ॅबीताई टाळ्यांच्या आवाजाने जाग्या झाल्या.

थोडंफार पाणी जात होतं, तेही फळीने अडलं. आठवड्याभरात मेंढ्यांचे गोठे बुडाले. सांबरांचं गवत कुजलं. डोमकावळ्याच्या कचेरीत मतपत्रिका तरंगू लागल्या.

सगळे नागरिक टेकडीवर जमले, ओलेचिंब, कुडकुडत. खाली पाण्यातून फक्त फळीचा वरचा काठ आणि एक नाव दिसत होतं.

“हे सगळं त्या मोरागमुळे झालं!” म्हातारी मेंढी म्हणाली.

“नाव काढू नका तिचं,” सांबरीण म्हणाली. “वाटोळं केलं आमचं.”

पहिल्यांदाच सांबर आणि मेंढ्या एका सुरात बोलत होते. टेकडीच्या पलीकडे नवं बीळ खणता खणता काकूंना ते स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी डुगलकडे पाहिलं, पंजावरची माती झटकली आणि पुन्हा खणायला लागल्या.

तात्पर्य: मुलांनो, आपलं म्हणणं लोकांना पटतं का, याची चौकशी करत बसू नका. आपल्यामुळे कुणाच्या पोटात दुखतं का, तेवढं आधी बघा. ज्याला कुणी शिव्या देत नाही, त्याला कुणी मतही देत नाही, घरचं माणूससुद्धा नाही आणि तो स्वतःसुद्धा नाही. आणि शिव्या उशिरा मिळाल्या, तर त्यांचा काही उपयोग होत नाही.