सत्यवचनी संघाचा मोसम

"यंदाचा मोसम बॅरोफील्ड मिलिटरी कॉलेजच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल!" निवृत्त जनरल ऑर्व्हिल हॅथकॉक यांनी ऑगस्टमधल्या पहिल्या परेडला जाहीर केलं. बाराशे कॅडेट ताठ उभे राहून ऐकत होते. गेल्या वर्षीही त्यांनी हेच वाक्य ऐकलं होतं, आणि त्यानंतर अमेरिकन फुटबॉलचा संघ दहाच्या दहा सामने हरला होता. त्याच्या आदल्या वर्षी मात्र नऊच. दहाव्याच्या दिवशी वादळ आलं.

परेड संपल्यावर जनरलसाहेबांनी कोच व्हर्नन टटलला बाजूला घेतलं.

"टटल, एक सामना जिंक. एकच. माजी विद्यार्थ्यांनी माझं डोकं खाल्लंय. नाही जिंकलास, तर नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाआत क्वार्टर रिकामं कर."

त्या क्वार्टरमध्ये टटल चौदा वर्षं राहत होता. मागच्या अंगणातल्या पीचच्या झाडाला आता कुठे फळं धरू लागली होती. बायकोनं, अर्लीननं, बातमी ऐकली आणि शांतपणे विचारलं, "मग? सामानाची खोकी आणू का?"

"थांब गं. या वेळी माझ्याकडे युक्ती आहे."

युक्ती जगाला जुनी होती, बॅरोफील्डला नवी. प्रत्येक चाल सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे कॅडेट एमॉस किंकेडनं, चेंडू शेजारच्या गड्याच्या पोटात खुपसल्यासारखं करायचं. त्या गड्यानं पोट धरून डावीकडे धूम ठोकायची. समोरचे सगळे त्याच्यामागे लागले की एमॉसनं चेंडू काखेत मारून उजवीकडून निवांत जायचं. पहिल्याच सामन्यात ही हूल लागू पडली आणि बॅरोफील्ड चक्क जिंकलं. बँडवाल्यांना विजयाची धून येत नव्हती. त्यांनी अंत्ययात्रेचीच जरा जलद वाजवली.

सोमवारी सकाळी एमॉस कोचच्या दारात सावधान उभा होता.

"सर, मी स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवली आहे."

"कसली रे?"

"चेंडू माझ्याकडे असताना तो दुसऱ्याकडे आहे असं मी भासवलं. कॅडेट खोटं बोलत नाही आणि फसवत नाही, सर."

"अरे बाबा, खेळ आहे तो!"

"कॉलेजच्या सन्मान संहितेत खेळाला सूट नाही, सर. मी दोनदा वाचून पाहिली."

संहितेत आणखी एक ओळ होती: फसवणूक पाहून गप्प बसणाराही तेवढाच दोषी. त्यामुळे दुपारपर्यंत उरलेल्या दहा खेळाडूंनीही तक्रारी नोंदवल्या; पोट धरून पळालेल्यानं तर दोन. मग ज्या कॅडेटांनी ती हूल पाहून टोप्या उडवल्या होत्या, ते आले. रांग भोजनगृहाला वळसा घालून गेली. दोषीला कॉलेजातून काढायचं, असा नियम. तो पाळला असता तर कॉलेजात एकटा ल्यूशस वेदरबी उरला असता. सामन्याच्या दिवशी तो घसा सुजून दवाखान्यात पडला होता, आणि सन्मान समितीचा अध्यक्षही तोच होता.

ल्यूशसनं तीन दिवस विचार केला, चष्मा पुसला आणि निकाल दिला: सर्वांना माफी, विजय पत्रानं साभार परत, आणि यापुढे हूल बंद.

जनरलसाहेबांनी सही केली आणि गावच्या वर्तमानपत्राला मुलाखतही दिली. "विजयापेक्षा चारित्र्य मोठं!" मग दाराशी थबकून टटलला म्हणाले, "तो एक सामना मात्र जिंकायचाच हं."

वर्तमानपत्र विरोधी संघांनीही वाचलं. पुढच्या सामन्यात त्यांचा कप्तान समोरून अदबीनं म्हणाला, "का हो, या खेपेला कुठून येताय?"

"उजवीकडून," एमॉस म्हणाला.

"आभारी आहे."

छप्पन्न-शून्य.

"उत्तर कशाला देतोस गाढवा!" टटल ओरडला. "तोंड मिटून उभा राहा ना!"

"गप्प बसणं ही फसवणूक आहे का, हा प्रश्न समितीपुढे आहे, सर. निकाल लागेपर्यंत खबरदारी घेतोय."

त्यापुढच्या सामन्यात रेफरीला बॅरोफील्डचे तीन फाऊल दिसले. कॅडेटांनी स्वतःहून एकतीस कळवले. असे आठ सामने गेले. अर्लीननं किराणावाल्याकडून खोकी आणली आणि आधी चिनीमातीची भांडी बांधली.

शेवटचा सामना नोव्हेंबरात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी, ग्रीनोक कॉलेजशी. ग्रीनोकही सगळे सामने हरलेलं, पण ते निव्वळ स्वतःच्या गुणांवर. त्यांनी विचारलं, एमॉसनं खरं सांगितलं, तरी त्यांना अडवता येईना. शेवटचे चार सेकंद उरले तेव्हा बॅरोफील्ड चारच गुणांनी मागे होतं, आणि चेंडू समोरच्या रेषेपलीकडे नेला की सहा मिळणार होते.

"कुठून?"

"मधून."

अकराच्या अकरा मध्ये येऊन उभे राहिले. एमॉस मधूनच घुसला. हातापायांचा ढीग झाला, ढीग रेषेपलीकडे कोसळला, आणि रेफरीनं दोन्ही हात वर केले. जिंकले! टोप्या उडाल्या. टटलनं अर्लीनला भर मैदानात मिठी मारली.

आणि तिच्या खांद्यावरून त्याला एमॉस दिसला. एमॉस ढिगातून उठला होता आणि आपल्या गुडघ्यावरच्या चिखलाकडे बघत होता. रेषेच्या अलीकडे गुडघा टेकला, तर खेळ तिथंच संपतो.

एमॉस ताठ झाला आणि रेफरीच्या दिशेनं चालू लागला. रेफरी फाटकाबाहेर पडला की निकाल पक्का, आणि फाटक अजून चाळीस पावलांवर होतं.

"अर्लीन," टटल पुटपुटला, "गेलं गं क्वार्टर."

तेवढ्यात एकाहत्तर वर्षांचे जनरल हॅथकॉक, छातीवरची पदकं खुळखुळवत, पायऱ्यांवरून पळत आले.

"कॅडेट किंकेड! सावधान!"

एमॉस जागच्या जागी थिजला. "सर, माझा गुडघा आधी—"

"मी काही विचारलं?"

"नाही, सर."

जनरलसाहेबांनी रेफरीच्या पाठीकडे पाहिलं. तीस पावलं. गॅलरीत नाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. मग घसा खाकरून त्यांनी आपला चकाकता बूट पुढे केला.

"बाळ, जरा एवढी नाडी बांध."

"बांधलेलीच आहे, सर."

"मग सोड. आणि पुन्हा बांध. सावकाश."