अनुभव क्रमांक एकोणचाळीस

रिसॉर्टमध्ये आल्यापासून चोवीस तासांच्या आत प्रत्येक पाहुण्याने किमान सहा अनुभव निवडावेत, असा नियम होता. न निवडल्यास व्यवस्थापन आपल्या मर्जीने अनुभव देईल आणि एकदा आलेला अनुभव बदलून मिळणार नाही, असे खाली बारीक अक्षरात छापले होते.

हेडक्लार्कांनी तो फॉर्म दोनदा वाचला. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षे त्यांनी लोकांना फॉर्म भरायला लावले होते. निवृत्तीनंतर महिन्याभरात आपल्यावरच ही पाळी येईल असे त्यांना वाटले नव्हते. पण कागद पाहून त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी टवटवी आली. सात दिवसांची ही सहल मुलगा-सुनेने निवृत्तीची भेट म्हणून दिली होती. सोबत त्यांची पत्नी होती. तिने तीस वर्षे चौथीच्या वर्गाला शिकवले असल्यामुळे सगळे तिला 'बाई' म्हणत, आणि सवयीने हेडक्लार्कही.

"मला काही निवडायचं नाही," बाई म्हणाल्या. "मला नुसतं पाण्याकडे बघत बसायचंय."

टेबलापलीकडे बसलेले अनुभव अधिकारी अदबीने पुढे झुकले. "अवश्य. अनुभव क्रमांक सात, 'पाण्याकडे बघणे'. पण तो गुरुवारपर्यंत भरलाय, मॅडम."

"अहो, पाणी समोर तर दिसतंय!"

"पाणी आहे. मार्गदर्शक नाही."

"बघायला मार्गदर्शक कशाला लागतो?"

"कुठे बघायचं ते सांगायला," अधिकारी म्हणाले. "मागच्या हंगामात एक पाहुणे दोन तास भलतीकडेच बघत बसले होते. नंतर त्यांनी तक्रार केली."

एकूण अनुभव अडतीस होते. 'सूर्योदय' सकाळी साडेआठला होता, कारण त्याआधी पाहुणे उठत नसत. 'स्थानिक बाजारात हरवणे' यात विमा समाविष्ट होता आणि सव्वा तासाने सापडण्याची हमी होती. हेडक्लार्कांनी दोघांसाठी मिळून बारा रकाने भरले, प्रत्येक पानावर सही केली आणि पोचपावती मागितली. पोचपावती हा प्रकार अधिकाऱ्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तो वहीत टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'कोळ्यासोबत जाळे फेकणे' होते. बाई म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जा." हेडक्लार्क गेले. जाळ्यात पहिल्याच फेकीला सात मासे आले, सगळे एका मापाचे आणि चांगलेच गार. हेडक्लार्कांनी कोळ्याकडे त्याच्या गावाची चौकशी केली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, मी मूळचा लिफ्टदुरुस्तीवाला. आधी खरे कोळी होते. पण त्यांच्या अंगाला मासळीचा वास येतो अशी तक्रार आली."

इकडे बाईंचे डोके नवरा दिसेनासा होताच दुखायचे थांबले. त्या मागच्या वाटेने चालत सुटल्या. स्वयंपाकघर मागे पडले, डिझेलचे जनरेटर मागे पडले, आणि एका पत्र्याच्या शेडपाशी त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या शंभरएक पांढऱ्या चादरी दिसल्या. चादरींच्या मधून एक स्त्री ओल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन येत होती. ती धुलाईघरातली मावशी. दोघी साधारण एकाच वयाच्या. दोघींचेही गुडघे दुखत होते. एवढी ओळख पुरली. मावशीने चहा टाकला. बाईंना दिलेल्या कपाचा कान तुटलेला होता.

बोलता बोलता मुलीचा विषय निघाला. मावशीला एकुलती एक मुलगी. तिला ट्रक चालवायचा होता. मावशीने शिवणकामाच्या वर्गात नाव घातले होते.

"मी रागाच्या भरात म्हटलं, गेलीस तर तू मला मेलीस," मावशी म्हणाली. "ती गेली. आता सहा वर्षं झाली. फोन नाही."

"तुम्ही करायचा की."

"मी का करू? मोठी कोण, ती का मी?"

एवढे बोलून मावशीने हातातल्या चादरीच्या टोकाने डोळे पुसले, मग ते टोक पाहिले आणि चादर पुन्हा धुवायच्या ढिगात टाकली. बाईंनाही रडू आले. त्यांनी आपला पदर वापरला.

संध्याकाळी अभिप्रायाचा फॉर्म आला. त्यात प्रश्न होता : 'आजचा सर्वांत हृद्य अनुभव कोणता? (फक्त क्रमांक लिहावा.)' प्रश्न कोरा सोडणे बाईंच्या स्वभावात नव्हते. त्यांनी लिहिले, 'क्रमांक नाही. धुलाईघराच्या मावशींबरोबर चहा प्यायले. त्यांच्या मुलीविषयी ऐकले.' आणि पुढे दहापैकी दहा गुण दिले. तीस वर्षांत त्यांनी एकाही विद्यार्थ्याला दहापैकी दहा दिले नव्हते.

सकाळी अनुभव अधिकारी खोलीवर हजर झाले.

"मॅडम, आपण काल दुपारी तीन ते सव्वाचार या वेळात नियमबाह्य आनंद घेतलात."

"बाई!" हेडक्लार्क कळवळून म्हणाले. "न विचारता?"

"कारवाई करायची नाहीये," अधिकाऱ्यांनी घाईने सांगितले. "फक्त एक विचारायचं होतं. ती नक्की कोणत्या वाक्याला रडली?"

बाईंनी सांगितले. त्यांच्या साध्या मनाला वाटले, या माणसाला मावशीची दया आली असावी, कदाचित तिला दोन दिवस रजाही मिळेल.

दुसऱ्या दिवशी स्वागतकक्षातल्या फलकावर नवी पाटी होती : 'अनुभव क्रमांक एकोणचाळीस. मावशीचं मन. दुपारी चार ते सात, पाऊण तासाच्या चार तुकड्या. रुमाल व्यवस्थापनातर्फे.' आद्य अनुभवार्थी म्हणून बाईंना पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती, आणि पती म्हणून हेडक्लार्कांना तिच्या शेजारची.

शेड ओळखू येत नव्हते. चादरी इस्त्री करून वाळत घातल्या होत्या. आठ खुर्च्या होत्या. कप नवे कोरे होते. आदल्या रात्री स्वयंपाकघरात बसून दोन माणसांनी त्यांचे कान काळजीपूर्वक तोडले होते. मावशी एका पाटावर बसली होती. तिला नवे जुने लुगडे देण्यात आले होते.

तिने सगळे सांगितले, अगदी बाईंना सांगितले होते तसेच. 'फोन नाही' म्हणून ती थांबली. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वाट पाहिली आणि मग विचारले, "मग पुढे?"

"पुढे काही नाही."

"म्हणजे संपलं?"

"संपलं नाही अजून. पण एवढंच आहे," मावशी म्हणाली.

त्या दिवशी एकोणचाळिसाव्या अनुभवाला दहापैकी साडेपाच गुण मिळाले. 'सुरुवात चांगली, शेवट नाही,' असे बहुतेकांनी लिहिले होते. एकाने 'चहा उत्तम, दुःख अपुरे' असा शेरा दिला होता.

रात्री व्यवस्थापनाची बैठक बसली. पोचपावतीमुळे हेडक्लार्कांविषयी अधिकाऱ्यांच्या मनात आदर निर्माण झाला होता. त्यांनाही सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. प्रश्न सोपा होता. एकतर मुलगी परत यावी, नाहीतर मरावी.

"परत आणायची तर मुलगी नेमावी लागेल," अधिकारी म्हणाले. "तुमचा अनुभव काय सांगतो?"

हेडक्लार्कांनी चष्मा काढला. छत्तीस वर्षांत असा प्रश्न त्यांना कोणी इतक्या मानाने विचारला नव्हता. "नवीन पद मंजूर व्हायला दोन वर्षं लागतात," ते म्हणाले. "असलेलं पद रद्द करायला एक सही पुरते."

मुलगी पुरात वाहून गेली. ठराव एकमताने मंजूर झाला. मावशीकडे मुलीचा एकच फोटो होता, तो मोठा करून काळ्या चौकटीत बसवण्यात आला.

बाईंना हे सकाळी न्याहारीला कळले. त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिले, की हेडक्लार्कांनी हातातला टोस्ट परत ताटलीत ठेवला.

"दुसऱ्याची पोर मारून आलात?"

"बाई, मी फक्त कार्यपद्धती सांगितली."

बाई तडक धुलाईघरात गेल्या. मावशी आरशासमोर केस विस्कटत होती.

"तुम्ही नाही म्हणायचं होतं," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं. मी तो फॉर्म भरायला नको होता. पण तुम्ही तरी—"

"बाई, ओली चादर किती जड असते, उचललीय कधी?" मावशीने शांतपणे विचारले. "हे बसून रडायचं काम आहे. आणि खरं सांगू? काल रात्री रंगीत तालमीत तिला मारताना जीभ अडखळली माझी. पण ऐकणारे इतके रडले! त्या हिशेबवाल्या साहेबांनी तर माझे हात धरले. सहा वर्षं ती जिवंत होती, तेव्हा एकानेही हात धरला नव्हता."

वर्गात अडले की बाई फळा पुसायला घेत. इथे फळाही नव्हता.

त्या दिवशी नऊ पूर्णांक आठ दशांश गुण आले. दोन पाहुण्यांनी चित्रफीत काढून जगभर पाठवली. प्रतीक्षायादी एवढी वाढली, की सूर्योदयाचा मार्गदर्शक खुर्च्या मांडायला घेतला आणि पुढचे दोन सूर्योदय रद्द झाले.

सहाव्या दिवशी, तिसरी तुकडी चालू असताना, गोष्टीतल्या पुराचे पाणी उंबऱ्याशी आलेले असताना, मावशीच्या कमरेचा फोन वाजला. तिने सवयीने उचलला.

"आई," पलीकडून आवाज आला. सगळ्या शेडला ऐकू जाईल असा तो खणखणीत आवाज होता. "मी मेले का गं?"

मावशीच्या हातातला कप खाली पडला.

"तेव्हा रागाने म्हणालीस ते म्हणालीस, आता फोटोला चौकट लावलीस होय! इथे तुझा व्हिडिओ बघून गोदामवाला मला माल देईना. म्हणतो, मयताच्या नावावर माल सोडता येत नाही. जिवंत असल्याचं लिहून आणायला सांगितलंय मला."

मावशी हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. "जेवतेस का वेळेवर?" एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी व्यवस्थापनाचा रुमाल घेतला आणि त्यात तोंड खुपसले.

आठ पाहुणे मात्र अस्वस्थ झाले होते. "हे काय चाललंय?" एक जण उठून म्हणाले. "आम्ही मृत्यूचं बुकिंग केलं होतं." त्यांच्या पत्नीने, आपण रडायला नुकती सुरुवात केली होती, हे नोंदवून घ्यायला सांगितले. अनुभव अधिकारी धावत आले. त्यांनी सर्वांची क्षमा मागितली, भरपाई म्हणून आठही जणांना तेलमालिश दिले आणि मावशीला बाजूला घेतले.

"अभिनंदन," ते म्हणाले. "मुलीला भेटायला जरूर बोलवा, आमची हरकत नाही. फक्त चार ते सात या वेळात तिने आवारात जिवंत फिरू नये. फारच गरज पडली तर भाची म्हणून फिरावं."

सातव्या दिवशी सकाळी मागच्या फाटकाशी ट्रक येऊन थांबला. दांडग्या बांध्याची, बाह्या दुमडलेली मुलगी उडी मारून उतरली. आई म्हणाली, "वाळलीस." मुलगी म्हणाली, "आल्या आल्या सुरू झालीस?" मग दोघी कपड्यांच्या उपड्या टोपलीवर बसून दुपारपर्यंत भांडल्या. हेडक्लार्क बाईंबरोबर निरोप घ्यायला आले होते. मुलीशी काय बोलावे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तिला गोदामवाल्यासाठी हयातीचा दाखला लिहून दिला आणि खाली दिनांकासह सही केली.

चार वाजले. मावशीने लुगडे बदलले, केस विस्कटले.

"तू बस, चहा घे," ती मुलीला म्हणाली. "मी तुला मारून येते."

घरी परतल्यावर रविवारी जेवणाला व्याही-विहीण आले. बाईंनी सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली. "बरं झालं, भेटली एकदाची," विहीणबाई म्हणाल्या आणि न्याहारीला काय काय असते ते विचारले. मुलाने आधीच मोबाइल काढला होता.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या जुन्या मैत्रिणी जमल्या. बाईंनी तीच गोष्ट काढली. तुटक्या कानाच्या कपापर्यंत त्या खरे बोलल्या. मग समोरच्या दोघींना जांभया देताना पाहून त्यांनी मुलीला पुरात सोडले. जांभया थांबल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे टिपले. तिघींनी रिसॉर्टचा नंबर मागून घेतला. हेडक्लार्क कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी पहिल्यांदाच कसली कार्यपद्धती सांगितली नाही.

बाईंना नावे ठेवण्याआधी वाचकांनी थोडे आठवून पाहावे. फोन वाजला आणि मुलगी जिवंत निघाली, तेव्हा बरे वाटले, की जरा हिरमुसल्यासारखे झाले? फॉर्म नाही, त्यामुळे खरे उत्तर द्यायला हरकत नाही. बाईंनी ही गोष्ट आतापर्यंत अकरा ठिकाणी सांगितली. पूर किती वाजता आला, हे सगळ्यांनी विचारले. ती मुलगी पुन्हा कधी आईला भेटायला आली का, हे एकानेही विचारलेले नाही. तुम्ही अर्थात आता विचारणारच होतात.