मुकादमभाई चिप पक्की करत नाहीत

मुकादमभाई शिवीसुद्धा तात्पुरती देत. "वैद्यसाहेब, तुम्ही तात्पुरते गाढव आहात," असं त्यांनी मला भर मीटिंगमध्ये ऐकवलं होतं, आणि संध्याकाळी निघताना दारातून डोकावून, "ते सकाळचं काढून टाकलंय हं," असंही सांगून गेले होते.

मूळचे दापोलीकडचे. बहारीनमध्ये अर्धं आयुष्य गेलं, पण ऑफिसातल्या खुर्चीवरचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलं नाही. बसले की करकर वाजायचं. "काढा ना आता," म्हटलं तर म्हणत, "आणि परत करायची वेळ आली तर?" टेबलावरची नावाची पाटी सेलोटेपनं चिकटवलेली. सही पेननं, पण तारीख पेन्सिलीनं.

अशा माणसाकडे आमच्या कंपनीनं घड्याळाची चिप दिली होती, यापरता विनोद नाही.

रस्त्याकडेला पाण्याच्या पंपांचे जे डबे असतात ना, त्यांच्या पोटातले बोर्ड आम्ही बनवायचो. बोर्डावरच्या प्रत्येक भागाला आपापला ठेका लागतो. कुणाला जलद, कुणाला सावकाश. हे सगळे ठेके ही एकच बारकी घड्याळाची चिप पुरवते. एकाच आचाऱ्यानं चार पंगतींना चार चालींनी वाढावं तसं. कुणाला कुठला ठेका द्यायचा, ते आकडे लॅपटॉपवरून तिच्यात भरायचे. नुसते भरले तर वीज गेली की ती सगळं विसरते. बर्न केले की कायमचे कोरले जातात. मात्र एकदाच. चुकलं तर चिप कचऱ्यात.

मुकादमभाई बर्न करत नसत. रोज सकाळी तेच आकडे नव्यानं भरत. चिपनं पहिल्या झटक्यात उत्तर दिलं नाही की वाकून तिला म्हणत, "अगो, हाक मारली तर ओ तरी दे!" मग बोर्ड उचलायचा आणि खाली उन्हात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून यायचा. "डबा बाहेर उन्हात राहणार. तिथं ठेका किती सरकतो ते इथं एसीत बसून कळणार काय? बहारीन सरकारनं भट्टी फुकट दिलीय, वापरा." गाडीत बोर्ड, मापायचं यंत्र आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी पाहून एकदा पोलिसानं त्यांना तासभर उभं करून ठेवलं होतं. तेवढ्यात रीडिंग फार छान मिळालं म्हणून हे खूश.

"मुकादमभाई, आकडे बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग बर्न करा."

"अजून एक ऊन बघू दे. इंशाल्ला, उद्या."

हा संवाद उन्हाळाभर चालला. खात्यातली पोरं हसायची, मीही हसायचो. पण मला खरंच घाई होती, आणि तिचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी मुळात कमी बोलतो. त्याला लोक सभ्यपणा समजतात, म्हणून आजवर निभावलं.

मालकानं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की ही ऑर्डर संपली की आपलं डिझाइन खातं बंद. पुढं तयार बोर्ड बाहेरून येतील. तुला दुसरीकडं घेतो, मुकादमला जावं लागेल. आणि दार लावून घेत म्हणाला, "आधी त्याच्याकडून चिप पक्की करून घे. मग सांग. खलास."

मी मान डोलावली. म्हणजे रोज सकाळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन, हसत हसत, त्यांना त्यांचीच नोकरी संपवायला सांगत होतो. त्यांच्या चहातला अर्धा कप पीतही होतो.

ऑगस्ट संपत आला तसं मला ते झेपेना. सनद भागातल्या आमच्या घरी बायकोनं विचारलं, "तुला झालंय काय?" तर तिलाही सांगता आलं नाही. शेवटी एका बुधवारी ठरवलं की आज बोलायचंच, चिप झाली नाही तरी. त्यांच्या टेबलापाशी गेलो तर हे आवराआवर करत होते.

"मुकादमभाई, थोडं बोलायचं होतं."

"बर्न केली," ते म्हणाले. "सगळा लॉट. तपासून ठेवलाय."

माझ्या तोंडून "अरे वा" निघून गेलं. ते शब्द अजून मला टोचतात.

"माझं बोलणं वेगळं होतं," मी म्हटलं. "मालकानं..."

"ठाऊक आहे. ते तयार बोर्ड जूनमध्ये आले ना नमुन्याला, ती पेटी चुकून माझ्याच टेबलावर ठेवून गेला कुरियरवाला. मी तपासले. चांगले आहेत हो. चिपला हातच लावायला लागत नाही."

"म्हणजे जूनपासून तुम्हाला..."

"जूनपासून."

मला वाटलं आता कळलं. नोकरी लांबवायला बर्न करत नव्हते. कुणीही तेच केलं असतं. मी तसं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी लॅपटॉपची वायर गुंडाळता गुंडाळता नकारार्थी मान हलवली.

"नोकरीचं काय, वय झालं. व्हिसा हवा होता, नोकरीबरोबर तोही जातो. झुबेदाचं रेडिएशन चालू होतं, सलमानिया हॉस्पिटलात. मधेच तोडून चालत नाही म्हणाले डॉक्टर. काल शेवटचं झालं. आता कशाला थांबायचं?"

झुबेदा म्हणजे त्यांची बायको. ती गावी असते असंच मी धरून चाललो होतो. ती दोन वर्षांपासून इथं होती.

"मला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं." आवाजात राग नव्हता. "तुम्ही चिपचंच विचारायचात."

दुपारी ते हॉस्पिटलात निघाले तेव्हा मी म्हटलं, मी सोडतो. का म्हटलं ठाऊक नाही. स्वतःची गाडी असूनही ते माझ्या गाडीत बसले.

ताकद भरून येईपर्यंत झुबेदाला वॉर्डातच ठेवून घेतलं होतं. डोक्याला रुमाल, हाताची नुसती काडी. मुकादमभाईंनी आधी तिची उशी सरळ केली, मग पाण्याची बाटली तिच्या हाताला लागेल अशी सरकवली, मग चप्पल काढून पलंगाच्या कडेवर बसून तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि दाबायला लागले. परका माणूस समोर आहे म्हणून ते थांबले नाहीत.

"लवकर आलात आज?" ती म्हणाली. "साहेब रागावतील ना. सदानकदा कामातून उठून येता."

"नाही रागावत."

"तुम्ही नेहमी सांगता, साहेब सांभाळून घेतात म्हणून. एवढं कोण सांभाळून घेतो?" मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "हे कोण?"

तो साहेब म्हणजे मीच, पलंगापाशी उभा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय दाबत राहिले.

"वैद्य," ते म्हणाले. "माझा मित्र."

तिचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई. यांना इथं कुणी नाही, मी नसले तर कुणाशी बोलतील, हाच घोर होता मला." खुर्चीवर तिची पिशवी होती. ती उचलण्याइतकंही बळ तिला नव्हतं, तरी हात लांब करून तिनं ती ओढली आणि बाजूला घेतली.

"बसा हो भाऊ," ती म्हणाली.

मी बसलो.