दुपारी मंदावणारी हृदयं

माझ्यासारखा गुप्तहेर शतकात एकदाच जन्मतो, आणि आमच्या घरी तो दुपारी वहिनीचा डबा पोचवतो. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धीचं तर विचारूच नका. घरात कुणी विचारतही नाही. चष्मा हरवला तर तासाभरात शोधतो, मग तो माझ्याच नाकावर का असेना.

वहिनी प्रयोगशाळेत न जन्मलेल्या उंदरांची हृदयं बघते. गाभण उंदरीला भूल द्यायची, पोटावरचे केस काढून जेल लावायचं आणि सोनोग्राफी करायची. पडद्यावर खसखशीएवढं हृदय लुकलुकतं. साध्या नळीचे चार कप्पे कसे होतात, यामागे ती दोन वर्षं लागली होती.

"भावजी, सगळं बुडालं," त्या दिवशी ती म्हणाली. "सकाळी ठोके ठणठणीत, दुपारी मंद. आठवडाभर हेच. आज कारण सापडलं नाही तर सर अभ्यासच बंद करणार."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी! मी बाह्या सरसावल्या.

"सरळ आहे. पिल्लं दुपारी वामकुक्षी घेतात."

"पोटात?"

"तिथे त्यांना दुसरं काम काय?"

ती हसली नाही. मी मोर्चा शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याकडे वळवला. तो म्हणाला, आठवडाभर रजेवर होतो, आजच आलोय.

"म्हणजे गुन्हा करायला तुम्हाला भरपूर वेळ होता!"

वहिनीने मला कोपराने ढोसलं. पण मी थांबतो थोडाच! जेवून तिचा हात जड होत असणार, हाताचा भार उंदरीवर, उंदरीचा पिल्लांवर. मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, डब्यात नेमकं काय घालतेस?"

"मला स्वयंपाक शिकवू नकोस. सूनबाई, रोज थंडगार डबा खाऊन कंटाळत असशील ना गं?"

"थंड कुठे, आई? वाफा येतात. भावजी धावत आणतात ना."

"धावत? हा? याला जिना उतरायला अर्धा तास लागतो! आणि डबा मी सकाळीच भरून ठेवते. काय रे, तू तो गरम कुठे करतोस?"

गुप्तहेराने आपली साधनं उघड करायची नसतात. पण वहिनी माझ्याकडे रोखून बघत होती. मी दाराबाहेरच्या छोट्या गरम पेटीकडे बोट दाखवलं. आजचा डबाही आतच होता.

"आठवड्यापूर्वी ही पेटी दिसली. आतली बाटली काढून एसीसमोरच्या खिडकीत ठेवतो. तुला डबा दिला की परत आत. अगदी न विसरता!"

ती बाटली जेलची होती, आणि परत आत ठेवली तरी गार जेल लगेच थोडंच तापतं! हातमोज्यांमुळे वहिनीला गारवा कळत नव्हता, उंदरीला मात्र पुरता कळत होता. आई गारठली की पोटातल्या पिल्लांचे ठोके मंदावतात.

"उचला तो डबा," वहिनी म्हणाली.

पेटीत बाटली गेली. जेल गरम झाल्यावर वहिनीने पुन्हा सोनोग्राफी केली. पडद्यावर ते चिमुकलं हृदय भराभर लुकलुकायला लागलं. मला विलक्षण आनंद झाला आणि तेवढीच लाज वाटली. वहिनी पोट धरून हसत होती.

"सरांना सांग," मी म्हणालो, "आरोपी सापडला. तोही मीच आणून दिला."

डबा तोवर पार गार झाला होता. वहिनी तो चाटूनपुसून जेवली आणि म्हणाली, "भावजी, रोज अस्साच आणा."