जे आधी होईल ते

"पुस्तिका तेवढी जपा हं ताई," नव्या गाडीची किल्ली हातात देताना त्या सल्लागाराने बजावलं होतं. त्याच्या कानावर पेन खोचलेलं होतं. "पहिली सर्व्हिस एक महिना किंवा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. आणि त्या पानावर शिक्का आमचाच हवा. दुसऱ्या कुणाचा दिसला, तर वॉरंटी विसरा."

"दुसरं कोण कशाला शिक्का मारायला येतंय?" असं म्हणून ती हसली होती.

एरवी ही बाई औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा तीन-तीनदा वाचणारी. लेक पाच महिन्यांची झाली तरी रात्री उठून तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, हे बघणारी. पण नेमकं त्याच वेळी लेक, म्हणजे चिमणी, गाडीच्या आरशाला बांधलेली फीत तोंडात कोंबत होती. अशा वेळी कुठली आई वॉरंटी ऐकते?

तरी घरी आल्यावर तिने व्यवस्थितपणा दाखवलाच. बाजारातून निळ्या प्लास्टिकची दोन कव्हरं आणली. एकात चिमणीचं लसीकरणाचं कार्ड, दुसऱ्यात गाडीची सर्व्हिस पुस्तिका. दोन्ही एकाच मापाची, दोन्हीत रकाने तेच: तारीख, नोंद, शेरा, पुढची तारीख. एक कपाटात ठेवलं, एक गाडीच्या कप्प्यात. कुठलं कुठे गेलं हे बघायचं मात्र राहिलं, कारण तेवढ्यात चिमणी झोपेतून उठली.

गाडीची खरी राखण करायचे ते सासरे. आयुष्यभर कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे त्यांनी एकही वस्तू सहजासहजी बाहेर जाऊ दिली नाही. 'वापरली की झिजते' हा त्यांचा मूलमंत्र. निवृत्तीच्या दिवशी स्टोअरमध्ये अकरा वर्षांपूर्वीचे बल्ब खोक्यातच होते, हे ते आजही छाती फुगवून सांगतात. गाडी आल्यापासून त्यांनी तिच्यावर दोन कव्हरं चढवली होती, एक धुळीसाठी आणि दुसरं पहिल्या कव्हरासाठी.

"बाबा, जरा चक्कर मारून येऊ या का?" सून विचारायची.

"कशाला? हजार किलोमीटर झाले की सर्व्हिस आली. झालेच नाहीत, तर येईल कशी? मी हिशेब केलाय सूनबाई, या चालीने पहिली सर्व्हिस चौदा वर्षांनी येते."

तिलाही ते पटलं होतं. 'जे आधी होईल ते' हे शब्द दोघांच्याही डोक्यातून साफ गळाले होते.

सगळं असंच छान चाललं असतं, पण मागच्या डाव्या दाराची काच बिघडली. वर केली की दोन मिनिटांनी आपली आपण खाली उतरायची. आणि चिमणीची खुर्ची नेमकी त्याच दाराशी! तिच्या आईच्या डोळ्यांपुढे वारा, धूळ, माश्या, सर्दी आणि न्यूमोनिया अशी रांगच उभी राहिली. तिने सर्व्हिस सेंटरला फोन लावला तो एका दुपारी, चिमणीला सकाळी लस टोचून आणल्यावर.

"काच वॉरंटीत बदलून मिळेल की," पलीकडून तोच पेनवाला बोलत होता. "फक्त पहिली सर्व्हिस वेळेत झालेली पाहिजे. थांबा, बघतो... अहो ताई! तुमचा महिना आज संपतोय. सहाला कॉम्प्युटर बंद होतो. त्याच्या आत नोंद नाही झाली, तर पाच वर्षांची वॉरंटी आजच गेली समजा."

"पण आमचे सहाच किलोमीटर झालेत हो!"

"जे आधी होईल ते, ताई."

घड्याळात पावणेपाच झाले होते. नवरा कामासाठी बाहेरगावी गेलेला. सासऱ्यांना चालवता येत होती, पण झिजेल म्हणून ते स्टिअरिंगला हातही लावत नसत. गाडी चालवायचा परवाना तिच्याकडे होता, पण तो मिळाल्यापासून तिने तो फक्त ओळखपत्र म्हणूनच वापरला होता. मग तिला ती उतरणारी काच दिसली, आणि तिने पदर नसतानाही पदर खोचला.

"बाबा, गाडीची कव्हरं काढा."

"दोन्ही?" सासऱ्यांचा आवाज चिरकला.

सासरे चिमणीला घेऊन मागे बसले आणि एका हाताने काच धरून राहिले. ती गाडी अशी चालवत होती की सायकलवाले मागे वळून बघत होते. मागून भोंगे वाजत होते. "वाजवू दे," सासरे मागून धीर देत होते, "त्यांचे भोंगे झिजतायत, आपला नाही."

साडेपाचला सेंटर आलं. काउंटरवर पेनवाला, आणि त्याच्या मागे चष्म्याची काच पुसत उभे असलेले मॅनेजर. तिने गाडीच्या कप्प्यातलं निळं पुस्तक काढून दिलं. पेनवाल्याने ते उघडलं.

"ताई, इथे 'जन्मवजन दोन किलो आठशे' असं लिहिलंय."

हे तर चिमणीचं कार्ड! मग सकाळी कपाटातून घेऊन दवाखान्यात नेलं ते काय होतं? तिने खांद्यावरची पिशवी उलटी केली. लंगोट, दुपटं, खुळखुळा, आणि तळाशी दुसरं निळं पुस्तक. पेनवाल्याने त्याचं पहिलं पान उघडलं. पुस्तिका मॅनेजरांकडे सरकली.

पहिल्या सर्व्हिसच्या रकान्यात शिक्का होता. वर सहीसुद्धा होती.

सकाळी सुई बघवत नाही म्हणून हिने तोंड फिरवून पुस्तक पुढे केलं होतं. दवाखान्यात मुलांचा आकांत चाललेला. नर्सबाईंनी चष्मा कपाळावर ठेवूनच रिकामा रकाना गाठला आणि नोंद करून टाकली. शिक्क्यावर चिमणीची लाळ पडून तो असा पसरला होता की 'केंद्र' एवढा एकच शब्द शाबूत राहिला होता.

"बाहेरून सर्व्हिस करून घेतलीत," मॅनेजर म्हणाले.

"नाही हो! तो मुलांचा दवाखाना आहे!"

"तारीख आजची. किलोमीटर, सात पूर्णांक दोन."

"ते वजन आहे!"

"शेरा," मॅनेजरांनी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं. "'डाव्या बाजूला दिलं आहे. थोडी सूज येईल. चोळू नये.' आणि तुमची तक्रार कुठल्या काचेची?"

"मागच्या... डाव्या," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे काचेलाही बाहेरच्या माणसाचा हात लागलाय."

"'संध्याकाळी किंचित ताप येऊ शकतो,'" पेनवाल्याने खांद्यावरून डोकावून पुढचं वाचलं. "साहेब, इंजिनाबद्दल दिसतंय."

तिने दवाखान्याला फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पाच चाळीस झाले. सासरे चिमणीला खांद्यावर घेऊन काउंटरला टेकले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची एक वस्तू अजिबात न वापरताही वाया चालली होती.

"साहेब," ते अजिजीने म्हणाले, "थोडा वेळ द्या. माझी सून खोटं बोलणारी नाही."

"काका, मी काय करू? मला पुरावा पाहिजे. हा आकडा गाडीचा नाही, हे मी कागदावर तरी कसं दाखवू?"

पण रोज सकाळी लेकीच्या वजनाची काळजी करून करून या बाईचं डोकं एका बाबतीत फार तल्लख झालं होतं. ती एकदम ताठ उभी राहिली.

"तुमच्याकडे वजनकाटा आहे?"

"सुट्या भागांच्या खोलीत आहे. का?"

"आणा."

काटा आला. तिने तो ओल्या रुमालाने तीनदा पुसला. पेनवाल्याने त्यावर सीटचं नवंकोरं कव्हर अंथरलं आणि आकडा शून्यावर आणला. गॅरेजमधले चार मेकॅनिक हात पुसत येऊन उभे राहिले. चिमणी काट्यावर बसली.

"सात किलो सहाशे चाळीस," पेनवाला ओरडला.

"चारशे चाळीस जास्त," मॅनेजर म्हणाले.

"कपडे आहेत ना अंगावर! दवाखान्यात उघडंच वजन करतात." स्वेटर उतरला. "सात चारशे!" टोपडं, मोजे, झबलं गेलं. "सात तीनशे वीस!" मेकॅनिक आता पुढे सरकले होते. लंगोट गेला. "सात दोनशे नव्वद!"

आणि काटा तिथेच थांबला. उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. घड्याळात पाच बावन्न.

"नव्वद ग्रॅमचा फरक," मॅनेजर हळूच म्हणाले. आवाजात आता सहानुभूती होती, पण नियम नियमच.

"सकाळपासून दूध प्यायलीय ती!" सासरे म्हणाले.

"थांबा," आई म्हणाली. लेकीच्या मुठीतली चीज न बघता सांगायची सवय तिला होती. चिमणीची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. काउंटरला टेकलेल्या आजोबांच्या खांद्यावरून तिने काहीतरी लांबवलं होतं. आईने एकेक बोट सोडवलं. आतून निघाला सर्व्हिस सेंटरचा शिक्का. लोखंडी, भारदस्त, ताज्या शाईचा.

"सात किलो दोनशे!" पेनवाल्याचा आवाज छताला लागला. "बरोब्बर दोनशे!"

मेकॅनिकांनी टाळ्या पिटल्या. एकाने पान्याने बादली बडवली. मॅनेजर खाली वाकले आणि खोखो हसत सुटले. चिमणीच्या गोऱ्या पोटावर, बेंबीच्या जरा वर, ठसठशीत निळ्या अक्षरांत उमटलं होतं: 'अधिकृत सर्व्हिस केंद्र'.

"गाडीवर दवाखान्याचा शिक्का आणि पोरीवर आमचा," ते डोळे पुसत म्हणाले. "फिटंफाट झाली, ताई! द्या ती पुस्तिका." त्यांनी नर्सबाईंची नोंद खोडली, शेजारी 'बाळाचे वजन, समक्ष खात्री केली' असं लिहिलं आणि शिक्का मारला. पाच अठ्ठावन्नला नोंद झाली. काच दुसऱ्या दिवशी वॉरंटीत बदलून मिळाली.

परत जाताना गाडी तीच चालवत होती. मागून भोंगा वाजला तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःचा भोंगा वाजवून उत्तर दिलं. लेकीचं वजन कमी आहे का, ही चिंताही त्या दिवसापासून मिटली. चार मेकॅनिकांनी टाळ्या वाजवलेलं वजन कमी कसं असेल?

पण निघताना पेनवाल्याने सासऱ्यांना सांगितलं होतं, "काका, उभी गाडी लवकर खराब होते. चालवत जा. पुढची सर्व्हिस सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते."

आपली गाडी कॅलेंडरकडून हरली, हे सासऱ्यांच्या जिव्हारी लागलं होतं. दुसऱ्या दिवशी काच बसवून गाडी घरी आली, तेव्हा दोन्ही कव्हरं त्यांनी घडी घालून माळ्यावर टाकली.

"या वेळी किलोमीटर आधी होणार, सूनबाई," ते म्हणाले. "मी हिशेब केलाय. दिवसाला पंचावन्न."

तेव्हापासून ते रोज सकाळी सातला निघतात आणि पंचावन्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. आजही गेलेत. दुपारचे दोन वाजलेत आणि त्यांचा मोबाइल इथे स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाजतोय.

म्हणून चिमणीच्या आईची तुम्हाला एक विनंती आहे. रस्त्यात एखादी नवीकोरी पांढरी गाडी सायकलींच्याही मागे चाललेली दिसली, तर आत डोकावून बघा. बाबांना विचारा, पाणी प्यायलात का? आणि गाडीच्या कप्प्यात निळं पुस्तक आहे, तेवढं उघडून बघा. त्यात 'जन्मवजन' असं लिहिलेलं असेल, तर त्यांना तसंच घरी पिटाळा. दवाखान्यात चारला नंबर आहे.